भाडे ५ हजार, पण पहिल्याच दिवशी लागतात २३ हजार; परदेशात घर घेताना हिशेब कुठे बिघडतो?

दुबईतल्या नोकरीचे पत्र आले की पगारानंतरचा घरातला दुसरा प्रश्न ठरलेला असतो : तिथे घराला भाडे किती? ओळखीतून उत्तर मिळते, ‘महिन्याला ५ हजार दिरहम धरा.’ पगारातून ५ हजार वजा होतात, उरलेल्यातून घरी किती येतील याचा अंदाज बांधला जातो आणि विषय तिथेच संपतो. उत्तर खोटे नसते. पण त्या घराची किल्ली मिळेपर्यंत खिशातून २३ हजार दिरहमहून जास्त रक्कम जाऊ शकते, हे अनेकांना तिथे पोहोचल्यावरच कळते.

रोह्यातून कुंडलिका ओलांडली की अष्टमी. दोन्हींची नगरपरिषद एकच आणि आखाती देशांशी असलेले नातेही सारखेच जुने. रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात, विशेषतः कोकणी मुस्लिम कुटुंबांत, आखातातली नोकरी ही दोन-तीन पिढ्यांची वाट आहे. शेजारच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचा अनुभवही तिकडच्या प्रकल्पांत कामी येतो. आता त्यात ब्रिटन, जर्मनी, कॅनडाला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची भर पडली आहे. जाण्याचा खर्च काढताना तिकीट, व्हिसा, मेडिकल, फी हे सगळे धरले जाते. घराचे पहिले पैसे मात्र त्यात नसतात आणि मग ऐनवेळी दागिने गहाण पडतात किंवा नातेवाइकांपुढे हात पसरावा लागतो.

‘भाडे किती’ या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न दडलेले आहेत. पहिल्या दिवशी हातात एकूण किती रक्कम हवी? त्यातली परत किती मिळणार? आणि घर मध्येच सोडावे लागले तर किती बुडणार?

५ हजारांचे २३ हजार कसे होतात?

आपल्याकडे घर घेताना डिपॉझिट, एका महिन्याचे भाडे, एजंटची दलाली आणि ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार एवढा मामला असतो. दुबईत भाडे सांगितले जाते वर्षाचे आणि दिले जाते पुढच्या तारखांच्या चेकने. ‘६० हजार, चार चेक’ असे जाहिरातीत लिहिलेले असेल, तर अर्थ असा की वर्षाचे ६० हजार दिरहम १५-१५ हजारांच्या चार चेकमध्ये द्यायचे आणि पहिला चेक करार सुरू होतानाच वटणार. म्हणजे तीन महिन्यांचे भाडे एकदम गेले.

यावर बिनफर्निचरच्या घरासाठी वार्षिक भाड्याच्या ५ टक्के डिपॉझिट, म्हणजे ३ हजार. फर्निचर असेल तर प्रथा १० टक्क्यांची आहे. एजंटचे कमिशन साधारण ५ टक्के, म्हणजे आणखी ३ हजार आणि त्या कमिशनवर ५ टक्के व्हॅट, १५० दिरहम. वीज-पाणी पुरवणाऱ्या प्राधिकरणाला तिथे सगळेच ‘देवा’ म्हणतात. या ‘देवा’ला फ्लॅटसाठी २ हजार दिरहम अनामत ठेवल्याशिवाय दिवा लागत नाही. करार सरकार दरबारी नोंदवण्याची ‘इजारी’ सुमारे २२० दिरहम. बेरीज होते २३,३७०. एक दिरहम २४ रुपये धरला तर हे ५ लाख ६० हजार रुपये झाले. यात अजून गादी नाही, गॅस नाही, भांडी नाहीत.

यातले परत येणार किती? डिपॉझिटचे ३ हजार आणि वीज-पाण्याचे २ हजार, तेही सगळे सुरळीत झाले तर. कमिशन, व्हॅट आणि नोंदणीचे ३,३७० कायमचे गेले.

आणखी एक रक्कम आहे, जी जाहिरातीत दिसत नाही आणि पहिल्या दिवशीही मागितली जात नाही. दुबई महापालिकेचे गृहशुल्क वार्षिक भाड्याच्या ५ टक्के असते आणि ते बारा तुकडे करून वीज-पाण्याच्या बिलात येते. ६० हजारांच्या घराला हे महिन्याला २५० दिरहम. पहिले बिल बघून ‘एवढी वीज कुठे जाळली?’ असे वाटते, त्याचे निम्मे उत्तर या ओळीत असते. कमिशन आणि नोंदणीही वर्षावर वाटली, तर ५ हजारांचे घर महिन्याला साडेपाच हजारांहून किंचित महाग पडते. एसी त्याहून वेगळा. काही इमारतींत थंड हवा केंद्रीय यंत्रणेतून येते आणि तिचे बिल तिसरीच कंपनी पाठवते. जाहिरातीतल्या ‘चिलर फ्री’ या शब्दांचा अर्थ हे बिल मालक भरणार, असा. एका भाड्याची दोन घरे समोर असतील, तर उन्हाळ्यात हे दोन शब्दच महत्त्वाचे ठरतात.

कंपनी घरभाडे देते, मग अडचण काय?

अडचण वेळेची. ऑफर लेटरमध्ये ‘हाऊसिंग अलाउन्स’ लिहिलेला असतो, तो पगारासोबत दरमहा येतो. घरमालकाला मात्र तीन महिन्यांचे पैसे एकदम हवे असतात. काही कंपन्या वर्षाचा किंवा सहा महिन्यांचा भत्ता आगाऊ देतात आणि मग पगारातून वळता करतात. ही सोय अनेकदा न मागता मिळत नाही. सही करण्याआधी एचआरला हा एक प्रश्न विचारलेला बरा. ‘राहण्याची सोय कंपनीकडून’ आणि ‘घरभाडे भत्ता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पत्रात नीट वाचून घ्यावे. पहिल्यात खोली मिळते, दुसऱ्यात फक्त आकडा.

चेकचीही गोम आहे. चेकबुक मिळायला बँक खाते लागते, खात्याला सहसा एमिरेट्स आयडी लागते आणि ती व्हिसाची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर येते. त्यामुळे नवख्या माणसाने पहिले काही आठवडे स्वतःच्या नावावर घर मिळेल असे धरून चालूच नये. त्या काळातल्या तात्पुरत्या राहण्याचे पैसे वेगळे काढावे लागतात.

चेक वटला नाही तर? खात्यात पैसे नसल्याने चेक परत जाणे हा संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी थेट फौजदारी मामला होता. जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला. फसवणुकीचा हेतू नसेल तर तुरुंगाची भीती बरीच कमी झाली. पण घरमालक आता त्या चेकच्या आधारे थेट वसुलीच्या न्यायालयात जाऊ शकतो आणि थकबाकीदारावर प्रवासबंदी येऊ शकते. ईदला किंवा बहिणीच्या लग्नाला गावी निघालेला माणूस विमानतळावर अडकतो, तो अशा कारणाने.

मालक भाडे हवे तेवढे वाढवू शकतो का?

दुबईत नाही. २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशाने वाढीची पट्टी ठरवून दिली आहे. त्या भागातल्या तशाच घरांच्या सरासरी भाड्यापेक्षा तुमचे भाडे १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल, तर वाढ शून्य. ११ ते २० टक्के कमी असेल तर जास्तीत जास्त ५ टक्के वाढ, २१ ते ३० टक्क्यांना १०, ३१ ते ४० टक्क्यांना १५ आणि त्याहून कमी असेल तर २० टक्के. सरासरी ६० हजार आणि तुम्ही ५५ हजार देत असाल, तर मालकाला एक दिरहमही वाढवता येत नाही. तुम्ही ४५ हजार देत असाल, तर साडेचार हजारांपर्यंत वाढ मागता येते. सरासरी किती, हे दुबईच्या भूमी विभागाच्या ऑनलाइन निर्देशांकात पाहता येते; जानेवारी २०२५ पासून तो इमारतनिहाय झाला आहे. शिवाय अटी बदलायच्या तर करार संपण्याच्या ९० दिवस आधी कळवावे लागते. वीस दिवस आधी व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘पुढच्या वर्षी इतके वाढेल’ या मेसेजला घाबरून हो म्हणायचे कारण नाही.

घर विकायचे आहे किंवा स्वतः राहायला यायचे आहे म्हणून मालकाला घर रिकामे हवे असेल, तर १२ महिन्यांची नोटीस लागते आणि तीही नोटरी किंवा नोंदणीकृत टपालाने.

हे नियम दुबईचे. स्वस्त पडते म्हणून अनेक जण शारजात राहतात. तिथे २०२४ च्या नव्या कायद्याने करारानंतर पहिली तीन वर्षे भाडे वाढवता येत नाही. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०२५ मध्ये रियाधमधली भाडेवाढ पाच वर्षांसाठी गोठवली. देश एकच भाषा बोलत असले, तरी भाड्याचे कायदे मैलामैलाला बदलतात. त्यामुळे ‘माझ्या चुलत्याला असे नव्हते’ हा पुरावा धरू नये.

बेड स्पेसला करार लागतो का?

खरे तर ५ हजारांचे आख्खे घर घेणारे थोडे. पहिल्या नोकरीवर गेलेला मुलगा देरा, बर दुबई, करामा किंवा सतवा भागात एका खोलीतला बेड घेतो. सहा-आठ जणांची खोली, एक स्वयंपाकघर, मेसचा डबा. चेक नाही, कमिशन नाही, महिन्याचे रोख पैसे. सोय मोठी आहे आणि धोकाही तिथेच आहे.

बेड देणारा माणूस बहुतेक वेळा मालक नसतो, तो स्वतः भाडेकरू असतो. २००७ च्या दुबई भाडेकरू कायद्यानुसार मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, तर मूळ भाडेकरू आणि पोटभाडेकरू दोघांनाही बाहेर काढता येते. नुकसानभरपाई मागण्याचा हक्क पोटभाडेकरूला आहे, पण तो मूळ भाडेकरूकडे, आणि त्याने फोन बंद केला तर हातात पावतीही नसते. जून २०२५ मध्ये दुबई महापालिकेने प्लायवूडची पार्टिशन टाकून केलेल्या बेकायदा खोल्यांविरोधात अल रिग्गा, अल मुरक्काबात, अल बरशा, सतवा आणि अल रफा या भागांत मोहीम उघडली. अशा वेळी खोली रिकामी करायला वेळ मिळत नाही आणि दिलेले आगाऊ पैसे तसेच राहतात.

म्हणून बेड घेतानाही तीन गोष्टी मागाव्यात : मूळ कराराची इजारी, पोटभाडेकरू ठेवण्याची मालकाची परवानगी आणि त्या घराच्या सहरहिवाशांच्या सरकारी यादीत आपले नाव. ही नोंद ‘दुबई रेस्ट’ ॲपवर होते. कुणी देणार नाही म्हणाला, तर निदान आगाऊ रक्कम एका महिन्यापलीकडे देऊ नये आणि जे द्यायचे ते बँकेतून द्यावे.

इजारीला आणखी एक अर्थ आहे, तो गावाकडे बसलेल्या बायको-मुलांसाठी. कुटुंबाचा व्हिसा काढताना नोंदवलेला भाडेकरार दाखवावा लागतो. बेड स्पेसवर दहा वर्षे राहिले, तरी तो कागद तयार होत नाही.

मध्येच नोकरी गेली तर?

दुबईच्या कायद्यात भाडेकरूला मुदतीपूर्वी घर सोडण्याचा आपोआप मिळणारा हक्क नाही. करारात काय लिहिले आहे तेच चालते. अनेक करारांत दोन महिन्यांच्या भाड्याचा दंड आणि आगाऊ नोटीस असे कलम असते. ते कलमच नसेल, तर वाटाघाटी मालकाच्या मर्जीवर जातात, कारण उरलेले चेक त्याच्याच कपाटात असतात. खासगी नोकरीच्या भरवशावर जाणाऱ्याने कराराच्या सगळ्या पानांत हे एक कलम आधी शोधावे, नसेल तर लिहून घ्यावे. वाद झालाच तर भाडेविषयक वादांचे स्वतंत्र केंद्र आहे. दाव्याची फी वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के, किमान ५०० दिरहम. त्यामुळे हजार-दीड हजारांच्या डिपॉझिटसाठी तिथे जाणे परवडत नाही आणि मालकांनाही ते ठाऊक असते.

ब्रिटनमध्ये आठवड्याचे भाडे ४ ने गुणायचे?

शिकायला जाणाऱ्यांचा घोटाळा वेगळ्या ठिकाणी होतो. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्यांचे भाडे आठवड्याचे सांगतात. १८० पौंड म्हटले की आपण ४ ने गुणून ७२० काढतो. वर्षात आठवडे ५२, म्हणजे १८० गुणिले ५२ भागिले १२, महिन्याला ७८० पौंड. फरक महिन्याला ६०, वर्षाला बरोबर ७२०. चार आठवड्यांचा महिना धरला तर वर्षात तेरा महिने होतात. तो तेरावा महिना शैक्षणिक कर्जाच्या हिशेबात नसतो.

२०१९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये नोंदणी फी, कागदपत्रांची फी असले सगळे प्रकार बंद झाले. घर राखून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचे भाडे मागता येते आणि वार्षिक भाडे ५० हजार पौंडांपेक्षा कमी असेल, तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुरतेच. हे डिपॉझिट मालकाला ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावे लागते. योजनेचे नाव आणि क्रमांक मागून घ्यावा. घर सोडताना वाद झाला, तर निवाडा तिथे फुकट होतो.

भारतीय विद्यार्थ्यांना खरा फटका बसत आला तो ब्रिटनमधला जामीनदार नसल्यामुळे. त्याऐवजी सहा महिन्यांचे, कधी वर्षाचे भाडे आगाऊ मागितले जाई. २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने इंग्लंडमधल्या खासगी घरांसाठी ही आगाऊ रक्कम एका महिन्यावर आणली आहे. अंमलबजावणीची तारीख १ मे २०२६. विद्यार्थ्यांसाठीच बांधलेल्या मोठ्या खासगी वसतिगृहांना यातून बरीच सूट आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम निराळे.

चार मित्र मिळून एकाच करारावर सही करत असतील, तर ‘संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी’ या शब्दांपाशी थांबावे. एक जण शिक्षण सोडून परतला, तर त्याचा वाटा उरलेल्या तिघांनी भरायचा, असा त्याचा अर्थ. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स लागत नाही. त्यातला एक नोकरदार झाला की बिल येऊ शकते.

जर्मनीत ‘थंड’ भाडे म्हणजे काय?

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आयटीआय आणि नर्सिंगच्या मुलांतही जर्मनीची चर्चा आहे. तिथल्या जाहिरातीत दोन भाडी दिसतात. ‘काल्टमीटे’, शब्दशः थंड भाडे, हे नुसत्या भिंतींचे. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंग धरले की होते ‘वार्ममीटे’, गरम भाडे. वीज आणि इंटरनेट सहसा यातही नसते. शिवाय टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क.

समजा थंड भाडे ६०० आणि गरम ७८०. डिपॉझिट थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते, म्हणजे १,८००. सगळे एकदम दिले तर पहिल्या महिन्यात २,५८० युरो. पण जर्मन कायदा हे डिपॉझिट तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला देतो. तो वापरला तर पहिल्या महिन्यात १,३८० पुरतात. एजंट ज्याने नेमला त्यानेच त्याची फी भरायची, हा नियम २०१५ पासून आहे.

‘दोन खोल्यांचे घर’ म्हणजे तिथे एक हॉल आणि एक बेडरूम. आपल्या भाषेत वन बीएचके. स्वयंपाकघर मोजणीत नसते आणि कधी कधी त्यात ओटाही नसतो. आधीचा भाडेकरू ओटा, कपाटे, सिंक सगळे उचलून घेऊन गेलेला असतो. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी मालकाचे लेखी पत्र हवे. ‘राहा, पण पत्ता नोंदवू नका’ असे सांगणाऱ्याचे घर स्वस्त असले, तरी सोडून द्यावे. त्या नोंदणीशिवाय कर क्रमांकापासून पुढची कामे अडतात.

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात गंमत उलटी आहे. तिथे मालकाला तोडफोडीसाठी डिपॉझिट घेताच येत नाही, फक्त शेवटच्या महिन्याचे भाडे आगाऊ घेता येते, आणि पुढच्या तारखांच्या चेकची सक्तीही करता येत नाही. दुबईतला सर्वमान्य व्यवहार टोरंटोत बेकायदा ठरतो.

पैसे पाठवण्याआधी काय तपासायचे?

घर न बघता पैसे मागणारा मालक, ‘मी सध्या बाहेरगावी आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ हे वाक्य आणि त्या भागाच्या मानाने फारच कमी भाडे, ही तिन्ही एकत्र आली की समजून जावे. दुबईत घराच्या प्रत्येक जाहिरातीला सरकारी परवाना क्रमांक लागतो आणि एजंटाला नोंदणी क्रमांक. दोन्ही ऑनलाइन तपासता येतात. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या निवास कार्यालयाला एक ईमेल टाकला, तरी बरेच काम होते. घर बघायला तिथे असलेल्या गाववाल्याला पाठवणे हा अष्टमीकरांचा जुना उपाय आजही सगळ्यात भरवशाचा आहे. फक्त त्याला व्हिडिओ कॉलवर नळ सोडून दाखवायला सांगावे.

किल्ली मिळाल्याच्या दिवशी सामान लावण्याआधी भिंती, बाथरूम, एसी, मीटरचे आकडे यांचे फोटो काढून मालकाला ईमेल करावेत, म्हणजे तारीख आपोआप नोंदवली जाते. रोजच्या वापरातली झीज आणि केलेले नुकसान यांतला फरक सिद्ध करायला नंतर हेच कामी येतात. घर सोडतानाही तसेच.

जर्मनीतून परतणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी पाहावी. तिथे वर्षाचा गरम खर्चाचा हिशेब नंतर होतो. हिशेबाचे वर्ष संपल्यावर मालकाला तो द्यायला १२ महिने मिळतात आणि तोवर डिपॉझिटचा काही भाग तो राखून ठेवू शकतो. ती रक्कम जमा व्हायला खाते लागते. मायदेशी निघताना घाईघाईने जर्मन बँकेतले खाते बंद करू नये, किंवा भारतातल्या खात्याचा तपशील मालकाला लेखी देऊन ठेवावा.